म्हशीसाठी केलेलं रेकॉर्डिंग

आमच्या घरात माणसं तीन, म्हस एक आणि फोन सात. त्या सातातले चालू दोन. बाकीचे पाच आमच्या मालकांनी "अजून जीव हाय त्यात" म्हणून मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेत. माझ्या माहेरी, नेसरीला, थकल्या बैलाचीसुद्धा एवढी बडदास्त ठेवत नाहीत.

मालक म्हणजे माझा नवरा, अमरसिंह. शिरोलीला एमआयडीसीत एका फौंड्रीत इन्स्पेक्टर. ओतून आलेला माल मापायचा, केसाएवढा फरक सापडला की लाल खडूनं फुली मारायची आणि तो भंगारात धाडायचा, हे त्यांचं काम. दिवसभर असलं करून माणसाचं डोकं फिरतं म्हणतात. यांचं आधीच फिरलेलं होतं, म्हणून तर लगेच नोकरी लागली.

यंत्रांचं वेड जुनं. लग्नात माझ्या बापानं जावयाला अंगठी घालायची ठरवली, तर जावयाचा निरोप आला, अंगठी नको, गाणी ऐकायचा बोटभर डबा द्या. बाप खूश. म्हणाला, वर्षाराणी, पोरगा साधा हाय गं. बापाला काय माहीत, त्या बोटभर डब्याचा पुढं काडेपेटीएवढा होणार, मग साबणाच्या वडीएवढा, आणि आता जो आहे तो विटेएवढा, धरून मनगट दुखतं. सगळं जग फोनमध्येच गाणी ऐकायला लागलं तेव्हा यांनी दोन्ही कारभार वेगळे केले. का, तर म्हणे फोनवर गाणं ऐकणं म्हणजे चहाच्या कपात पांढरा रस्सा पिणं. आणि हे सांगायचं कुणाला? मला. मी शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवताना मोबाईल पत्र्याच्या रिकाम्या डब्यात उभा करून गाणी ऐकते. डब्यात आवाज घुमतो, मला तेवढं पुरतं.

एकदा माझ्या साड्यांच्या कपाटातून चार दिवस खरखर येत होती. मी उंदीर समजून औषध आणलं. तर हे धावत आले, "अगं हात लावू नको! नवे हेडफोन हायत ते. शंभर तास खरखर ऐकवली की मग ते मोकळे होतात." म्हणजे बघा पावणं, माणसाआधी साड्यांनी ऐकायचं. शंभर तास झाल्यावर यांनी ते कानाला लावले, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता खरा फरक पडला." फरक हा यांचा आवडता शब्द. वायर बदलली की फरक, डबा बदलला की फरक. घरात मी साडी बदलली, केस कापले, तर मात्र फरक पडत नाही.

पण खरं सांगायचंय ते आक्कांचं. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई, धोंडुबाई. गंगावेशीत आमचं घर, मागं गोठा आणि गोठ्यात चांदी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली आमची एकुलती म्हस. कोल्हापुरात पूर्वीपासून संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर आणतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. आक्का चाळीस वर्षं त्या कट्ट्यावर बसतात. आणि आवाज! त्यांनी कट्ट्यावरनं हाक मारली की पंचगंगेच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायका मान वर करतात, असं लोक म्हणायचे. आमच्या दोघींचं भांडण लागलं की त्या दिवशी गल्लीत कुणी टीव्ही लावायचं नाही. मीही काही कमी नव्हते, पण आवाजात त्यांच्यापुढं माझा टिकाव लागला नाही कधी.

दिवाळीत चांदीचं रेडकू गेलं. तेव्हापासून ती कुणाला धार देईना. लाथा झाडायची, दूध वर चढवून धरायची. मग आक्का तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि गळा काढून हाक दिली, "ये गं माझ्या चांदेऽऽ, सोड गं बायऽऽ, लई ताटकळली लेकरंऽऽ!" लेकरं म्हणजे पेले घेऊन उभी असलेली साठीतली गिऱ्हाइकं. आणि चांदीनं पान्हा सोडला. तेव्हापासून रोज आक्कांची हाक, मग आक्कांच्याच हातानं धार. हाक नाही तर थेंब नाही, हे सगळ्या कट्ट्याला पाठ झालं.

आणि चैत्रात आक्कांच्या गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्राला चिकटलेली. डॉक्टर म्हणाले, बारा दिवसांनी ऑपरेशन, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल, कायमचा. मला तिथंच रडू फुटलं. आक्का रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग चांदीचं कसं?"

"चांदी कोण?" डॉक्टर म्हणाले.

"म्हस हाय माझी. माझ्या हाकंबिगार दूध देत न्हाय ती. आटली की बाजारात जाईल. मी जिती आसताना माझी म्हस बाजारात जाणार न्हाय, सांगून ठेवते."

डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "आवाज रेकॉर्ड करून ठेवा. तसंही घरच्यांनी ठेवावाच."

झालं! आमचे अमरसिंह खुर्चीतनं उठूनच उभे राहिले. पंधरा वर्षांच्या संसारात त्यांच्या छंदाचा पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग होणार होता. म्हणाले, "आक्का, तू काळजीच करू नको. तुझा आवाज असा ठिवतो, की चांदी काय, भाकड आसल त्या म्हशीलाबी पान्हा फुटंल." खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा नवऱ्याचा अभिमान वाटला. आक्का तर वळून दोनदा म्हणाल्या, "वर्षे, माझं आमरू यंत्रातलं हुशार हाय गं."

त्याच संध्याकाळी कट्ट्यावर आक्कांनी नेहमीसारखी हाक घातली. काय आवाज लागला होता! अंगावर काटा आला माझ्या. मी पदराखालनं माझा फोन काढला, काच फुटलेला, आणि बटण दाबणार तेवढ्यात यांनी माझा हात धरला.

"वर्षा, तुझ्या फोनात आवाज दाबून बसतो. म्हशीचे कान माणसापेक्षा तिखट आसत्यात. तिला लगेच कळंल."

"काय कळंल?"

"फरक."

आणि मी फोन परत ठेवला. का ठेवला? मी रोज या माणसाशी मीठ जास्त झालं का कमी यावर भांडते, आणि नेमकं त्या दिवशी त्याचं ऐकलं. मला अजून स्वतःची चीड येते.

मग सुरू झालं रेकॉर्डिंग. म्हणजे रेकॉर्डिंगची तयारी. यांच्या फोनवर एक ग्रुप आहे, यांच्यासारख्याच सुखी माणसांचा. तिथं यांनी विचारलं, आईचा आवाज, म्हशीसाठी, कुठला माईक घ्यावा. कुणी हसलं नाही, हीच तर त्या लोकांची गंमत. इचलकरंजीचा एक म्हणाला हा घ्या, सांगलीचा म्हणाला छे, तो घ्या, आणि मग दोघांची जुंपली. त्या भांडणात दोन दिवस गेले. चौथ्या दिवशी माईक आला. त्याची पिन डब्यात बसेना. जोड मागवला मुंबईहून, तो सातव्या दिवशी आला. पिन बसली, तर डब्याला नवीन अपडेट हवं झालं. ते घेताना वीज गेली, डब्याच्या तोंडावर पांढरा पडदा आला आणि आमचे मालक आठवा दिवस पूर्ण त्याच्या उशाशी बसून होते. आक्कांच्या उशाशी कोण बसलं ते विचारू नका.

आणि आक्का? त्या रोज संध्याकाळी कट्ट्यावर जायच्या, घसा फाडून हाक घालायच्या, चांदी पान्हा सोडायची, लोक दूध प्यायचे. फुकट चाललं होतं सगळं, हवेत.

नवव्या दिवशी यंत्र कट्ट्यावर आलं. यांनी माईकसाठी तीन पायांचं तिकाटणं उभं केलं, कानाला हेडफोन लावले आणि हात वर केला. तेवढ्यात रिक्षा वाजली. पुन्हा हात वर, तर कुणी खोकलं. हे गिऱ्हाइकांना म्हणतात, "पावणं, जरा दूध पिताना आवाज करू नका की. फेसाचा आवाज येतोय."

"मग दूध काय नाकानं पिऊ काय?" पावणं म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं. पेला तसाच ठेवून गेले ते, चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक.

मग यांनी ठरवलं, कट्टा बाद. रेकॉर्डिंग घरात. झोपायच्या खोलीत भिंतींना गाद्या उभ्या केल्या, खिडकीवर चादरी ठोकल्या, पंखा बंद. चैत्रातलं ऊन बाहेर आणि आक्का आत, स्टुलावर, तोंडासमोर काळ्या फोमाचा गोळा.

"म्हस कुठाय?" आक्कांनी विचारलं.

"म्हस हाय आसं समज, आक्का."

"कुठं समजू? कपाटाच्या जागी?"

"समज कुठंबी. हं, म्हण."

आक्कांनी कपाटाकडं बघितलं, पदर सावरला, छाती भरून श्वास घेतला आणि "ये गं" एवढं म्हणाल्या, तर हे ओरडले, "थांब थांब, बोलू नको! लेव्हल बघतोय." पुन्हा श्वास, पुन्हा "ये गं", पुन्हा "थांब." मग म्हणाले, "आक्का, जरा हळू. आवाज फाटतोय."

आक्कांना सत्तर वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. त्या उठूनच उभ्या राहिल्या. "हळू मारली तर तिला हाक कशाला म्हणायची रं मुडद्या? तुझ्या बापानं मला कवा हळू बोल म्हटलं न्हाय, तू कोण लागून गेलास? सकाळधरनं थांब आन् बोलू नको! तीन दिवसांनी बोलणारच न्हाय मी, मग बस की थांब म्हणत!"

खोलीत गाद्या होत्या, तरी शेजारची बयाबाई धावत आली, कोण मेलं म्हणून. असा आवाज होता. आणि यंत्राचा लाल दिवा चालू होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

तीन दिवसांत अशा अठ्ठावीस फाईली झाल्या. कशात आक्का खोकल्या, कशात आवाज फाटला, बऱ्याचशांत शिव्या. शेवटची बाराव्या दिवशी दुपारची. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जायचं होतं. आक्का थकल्या होत्या. त्यांनी मांडीवर हात ठेवले, यांनी सांगितल्याप्रमाणं मान सरळ धरली आणि बँकेत साहेबासमोर नाव सांगावं तशा हळूच म्हणाल्या, "ये गं माझ्या चांदे. सोड गं बाय. लई ताटकळली लेकरं."

यांनी हेडफोन काढले तर डोळ्यांत पाणी. "बघ वर्षा, किती स्वच्छ!" मग ते लॅपटॉपवर बसले आणि होतं तेही पुसायला लागले. श्वास काढला, घशातली खरखर काढली, शेवटी स्टूल करकरलं होतं ते काढलं. मग बाकीच्या सत्तावीस फाईली डिलीट करायला घेतल्या.

"अहो, राहू देत की त्या," मी म्हटलं.

"पास झालेल्या मालाशेजारी रिजेक्ट माल ठेवत न्हाईत. घोटाळा होतो. आणि शिव्या कशाला ठेवायच्या?"

मी आक्कांची दवाखान्याची पिशवी भरत होते. त्यांचं धुवट लुगडं सापडत नव्हतं, त्याच गडबडीत होते. शिव्या कशाला ठेवायच्या, याचं उत्तर मला तेव्हा पटकन सुचलं नाही. आता शंभर सुचतात.

ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर आल्यावर आक्कांच्या हातात नर्सनं पाटी-पेन्सिल दिली. आक्का चौथी शिकलेल्या. वाकड्या अक्षरात त्यांनी पहिला शब्द लिहिला, "चांदी".

"देते की भरपूर," अमरसिंह म्हणाले. अजून त्यांनी चांदीच्या जवळ जाऊनही बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी कट्ट्यावर जे झालं ते गंगावेस अजून विसरलेली नाही. बाईच्या हाताला सरावलेली म्हस पुरुषाला धार देत नाही, म्हणून गडी माणसं कधीकधी घरच्या बाईचं लुगडं गुंडाळून बसतात. खेड्यात ते गोठ्यात चालतं. आमचे मालक बसले भर कट्ट्यावर, आक्कांचं हिरवं लुगडं नेसून, खाली बूट, गळ्यात विटेएवढा डबा आणि शेजारी खास मागवलेला स्पीकर. निम्मी पेठ जमली. कुणी म्हणालं, "वैनी, दूध कसं दिलं?" यांनी कुणाकडं बघितलं नाही. बटण दाबलं.

"ये गं माझ्या चांदे," स्पीकर म्हणाला. स्वच्छ. कुठं खरखर नाही, श्वास नाही.

चांदीनं मान वळवून स्पीकरकडं बघितलं, मग अमरसिंहांकडं, आणि शेपटीचा एक फटका दिला तो सरळ डोळ्यावर. थेंब नाही. आवाज वाढवला, थेंब नाही. दहा वेळा लावलं. अकराव्यांदा लाथ बसली आणि चरवी रस्त्यावर गेली. लोक हसत होते, पण थोडा वेळच. आक्कांची म्हस होती ती. मग एकेक जण पेला ठेवून निघून गेला.

असे आठ दिवस. मी धारेला बसून बघितलं, बयाबाईनं बघितलं. पावशेर निघायचं, त्यातही निम्मं लाथेनं जायचं. कुणी सुचवलं पान्हा सोडायचं इंजेक्शन द्या, पण आक्कांना कळलं असतं तर त्यांनी पाटी डोक्यात घातली असती. आणि यांनी काय करावं? यांनी स्पीकर बदलला. मग वायर बदलली. ग्रुपवर विचारलं, म्हशीसाठी कुठली वायर चांगली.

नवव्या दिवशी मलकापूरकडचा एक दलाल आला. चांदीची कास दाबून म्हणाला, "आटत चालली. आठवडाभरात कोरडी पडंल, मग कोण इचारणार न्हाय. आत्ताच सोडा." अमरसिंह म्हणाले, "उद्या कळवतो." मी तशीच रिक्षा करून दवाखान्यात गेले आणि आक्कांना खरं ते सगळं सांगितलं. लुगड्याचंही सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, पाटी ओढली आणि लिहिलं, "घरी न्हे."

डॉक्टर नको म्हणत होते, गोठा तर अजिबातच नको म्हणत होते. आक्कांनी तीच पाटी त्यांच्यासमोर तीनदा धरली. दुसऱ्या दिवशी रिक्षातनं उतरल्या त्या घरात आल्याच नाहीत, सरळ मागं गेल्या. डॉक्टरांनी श्वासासाठी गळ्याला ठेवलेल्या भोकावर मी ओलं फडकं बांधलं. दलाल दावणीपाशी दोरी घेऊन उभा होता. आक्कांनी त्याला हातानंच बाजूला केलं.

त्या चांदीजवळ गेल्या. सवयीनं तोंड उघडलं, छाती भरली, आणि भोकातनं नुसती हवा फुस्स करून बाहेर आली. आक्का थांबल्या. मला बघवेना. मग त्यांनी चांदीच्या पाठीवरनं हात फिरवत नेला, खाली बसल्या, कपाळ तिच्या कुशीला टेकवलं आणि बोटं आचळांना लावली. बराच वेळ तशाच बसल्या. चांदीनं एकदा मागं वळून त्यांच्या डोक्याचा वास घेतला. आणि चरवीत धार वाजली. एक, मग दुसरी, मग सरसर. दलालानं दोरी गुंडाळली आणि तो गेला.

म्हणजे हाक नकोच होती हो तिला! चाळीस वर्षं म्हशींत काढलेल्या आक्कांना ते कळलं नव्हतं, गंगावेशीला कळलं नव्हतं. तिला ते हात पाहिजे होते, बास. मी हसत होते आणि रडत होते. अमरसिंह तर चरवीतला फेस बघून पोरासारखे उड्या मारायला लागले. आणि मग त्यांना काय वाटलं देव जाणे. एवढी मेहनत केलेली, आईनं एकदा तरी ऐकावी असं वाटलं असेल. त्यांनी डबा आणला, गव्हाणीच्या कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाले, "आक्का, आयक. तुझा आवाज."

"ये गं माझ्या चांदे. सोड गं बाय. लई ताटकळली लेकरं."

आक्कांनी मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. मग दुधाचे हात लुगड्याला पुसून पाटी घेतली.

"ही बाई कोन?"

"तूच की, आक्का," अमरसिंह म्हणाले. "तूच हायस ती."

आक्कांनी मान हलवली. पदरानं पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, "माजा लाव."

बारा दिवस माझ्या हातात चालू फोन होता. फुटक्या काचेचा, पण चालू. मी यांना दोष देते, पण माझ्या फोनात आक्कांची एक शिवीसुद्धा नाही. अमरसिंहांनी डबा हातात घेतला आणि पुढचं बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. त्यात ती एकच फाईल होती. ते दाबत राहिले, आणि आक्का पाटी गुडघ्यावर धरून, कान डब्याकडं लावून वाट बघत होत्या.